कासेत ठेवलेला चीक

एक पितळी गंज, चीक वाटायचं भांडं. तळाशी पिवळी, दाट साय चिकटलेली. तो धुतलेला नाही, आणि धुवायचाही नाही.

बालाघाटच्या रेल्वे फाटकाशी अडकलेली ऑटो. मागे तांदळाची पोती, पुढे हेमराज. खिशात फोन वाजतो आहे. गाडी जाईपर्यंत वाजत राहतो.

तुळशीच्या कट्ट्यावर प्लास्टिकची रिकामी बाटली. लेबलवर हसणारी गाय.

एक फोटो. म्हैस बसलेली, मान वळवून तोंड स्वतःच्याच कुशीत खुपसलेलं. झोपली असावी असं वाटतं. फोटो हललेला आहे.

कटंगीहून तुमसरकडे निघालेली बस. तिच्या मागे धूळ खात एक स्कूटी. डिक्कीत टॉवेलात गुंडाळलेल्या काचेच्या बाटल्या.

दोन कान.

*

समीक्षानं आधी कानच धरले.

सकाळी ती कोंड्याची पाटी घेऊन गोठ्यात गेली आणि कजरी उठली नाही. पाटीचा आवाज ऐकूनही उठली नाही. काल पहाटे व्यालेली म्हैस, चौथं वेत. काल दिवसभर तिनं पारडीला चाटून चाटून चमकवलं होतं. आज पारडी तिच्या पोटाला धडका देत होती आणि कजरीला त्याची खबरही नव्हती. नाक कोरडं. शेण कालपासून तेवढंच. समीक्षानं दोन्ही हातांनी तोंड धरून मान सरळ केली. सोडल्याबरोबर मान परत कुशीकडे गेली, जणू तिथे कुणी दोरीनं बांधली होती.

कान रात्रभर अंगणात पडलेल्या लोखंडी घमेल्यासारखे थंड होते.

तिनं नवऱ्याला फोन लावला. उचलला नाही. मग फोटो काढला आणि डॉक्टरीणबाईला पाठवला.

*

कजरी समीक्षाची. पारडी असताना ती माहेरून, तुमसरच्या पलीकडून आली होती. आल्यापासून तिला समीक्षाखेरीज कुणी पाणी दाखवलेलं नव्हतं. नवरा, हेमराज, बालाघाटला खोली घेऊन राहतो, ऑटो चालवतो, पंधरवड्यातून एकदा घरी येतो आणि झोपून निघून जातो. कजरी यंदा नीट दुधावर राहिली, तर तिच्या आधारावर दुसरी म्हैस घ्यायची आणि हेमराजनं खोली सोडून गावात यायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. दिवाळीत ठरवलं होतं, कुणाला न सांगता.

म्हणजे गोठ्यात जे बसलं होतं, मान मुडपून, त्यात हेही होतं.

*

डॉक्टर श्रुतिका बालाघाटच्या. वडील कचेरीत, आजोबा कचेरीत आणि ही गोठ्यात, असं त्यांची आजी पाहुण्यांना सांगते. घरी पुस्तकातली मराठी, कामावर हिंदी, आणि या सीमेवरच्या गावांतल्या बायकांशी दोन्हींच्या मधलं काहीतरी. फोटो पाहून त्यांनी लगेच फोन केला. केव्हा व्याली, कितवं वेत, कान कसे, शेण टाकलं का, हे सगळं विचारलं. शेवटी विचारलं, काल चीक किती काढला.

समीक्षानं दारात उभ्या असलेल्या सासूकडे पाहिलं.

"सगळा," ती म्हणाली.

 मग डॉक्टर म्हणाल्या, मी निघते. एका गावातलं काम आटोपून येते, तोवर तिला छातीवर बसलेली ठेव. आडवी पडू देऊ नकोस, आडवी पडली की पोट फुगतं. दोन्ही बाजूंना पोती लाव. धार काढू नका. आणि तोंडात काही घालायचं नाही.

"पाणी?"

"पाणीसुद्धा नाही. समीक्षा, ऐक. घरात कोण काय म्हणेल ते म्हणू दे. तोंडात काही जाता कामा नये."

*

चिकाचं असं आहे. इकडे म्हैस व्याली की पहिल्या दिवसाचा चीक घरात ठेवत नाहीत. ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांच्याकडे आधी जातो, मग ज्यांच्याकडून कधी आला होता त्यांच्याकडे. खरवस त्यांच्या चुलीवर होतो. भांडं न धुता परत येतं, आणि रिकामं येत नाही. तळाच्या साईवर मूठभर तांदूळ असतात, नाहीतर गुळाचा खडा. एखादं घर राहून गेलं, तर ते घर बोलत नाही. लग्नात मात्र बोलतं.

समीक्षाच्या सासूच्या, शेवंताबाईच्या हाताखालून म्हैस सुटली की कासेत थेंब राहत नाही. ही तिची ख्याती. नाठाळ जनावरांच्या धारा काढायला तिला दुसऱ्या आळीतून बोलावणं यायचं. चीक कासेत राहिला तर कास दगड होते, असं तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. ते खोटं निघालेलं शेवंताबाईनं कधी पाहिलं नाही, कारण तिनं कधी चीक ठेवलाच नाही.

काल तिनं सकाळी काढला, संध्याकाळी काढला. घरोघरी गंज फिरला. कटंगीच्या मास्तरांकडेही बसनं बरणी गेली. फक्त आळीतल्या डोमाजीचं घर राहिलं होतं. ते आज सकाळी व्हायचं होतं.

*

गावातला ढोरांचा जाणकार महागू आला तो बांबूची नाळ घेऊन. जनावराला औषध पाजायची नाळ, एका टोकाला तिरपी कापलेली, वर्षानुवर्षांच्या तेलानं काळी झालेली. गावातली निम्मी ढोरं या नाळीतून काही ना काही प्यालेली होती. दुसऱ्या हातात भगोनं. गरम तेल, हळद, ओवा, गूळ आणि वर थोडी मोहाची दारू. मोहाची सगळीच भगोन्यात गेली नव्हती, हे जवळ आल्यावर कळत होतं.

थंडी भरली, त्यानं दारातूनच सांगितलं. व्यालेल्या अंगात वारं शिरलं. गरम पडलं की उठते.

समीक्षा कजरीच्या तोंडापाशी बसलेली होती. ती उठली नाही.

"सरक, माय. निवते मंग हे."

"पाजायचं नाही, बाबा."

"काहून?"

"डॉक्टरीणबाईनं नाही सांगितलं."

"कोठी हाये तुही डॉक्टरीणबाई?"

"फोनवर होत्या. येऊन राह्यल्या."

"फोनात हाये? मंग फोन लाव म्हशीच्या कानाले. पाहू उठते का."

दारात जमलेल्या बाया हसल्या. शेवंताबाई हसली नाही. ती आत आली, कजरीच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि तिनं जबड्याखाली हात घातला. पाजताना तोंड वर धरावं लागतं. आजवर महागूनं पाजलं तेव्हा तिनंच धरलं होतं.

समीक्षा सासूशी वाद घालत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं घातला नव्हता. तिनं आताही घातला नाही. तिनं कजरीच्या तोंडात बाजूनं हात घातला, जीभ धरली आणि बाहेर ओढली.

जीभ आली. आणि बाहेरच राहिली. ओठावरून लोंबत, जांभळट, ओली, कुणाची नसल्यासारखी.

"पाहा मामी," ती सासूला म्हणाली. "आत घेते का पाहा. मी धरली नाही तिले."

सगळ्यांनी पाहिलं. जीभ हलली नाही.

"हे तिले जमत नाही, तर घोट कसा गिळन? तेल पोटात नाही, छातीत जाईन. मंग डॉक्टर येऊन काय करन?"

महागू खाली बसला. भगोनं बाजूला ठेवलं. त्यानं दोन बोटांनी जीभ उचलली, सोडली. परत उचलली, परत सोडली. मग स्वतःच हलक्या हातानं आत ढकलून ओठ मिटवले.

"थंडीत असं नाही होत," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही.

शेवंताबाईचा हात अजून जबड्याखालीच होता. तिनं तो काढला नाही, पण आता तो तोंड वर उचलत नव्हता. नुसता टेकू होता.

महागू घरी गेला नाही. त्यानं मळणीनंतरची ताजी तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पोत्यांत ठासून भरली आणि कजरीच्या दोन्ही कुशींना एकेक पोतं लावलं. एक बाजू ढळायला लागली की तो पाठ लावून बसे आणि म्हणे, "बस व बाई, मीबी बसतो." भगोन्यातलं तसंच राहिलं. दुपारपर्यंत त्याचा वास कमी झाला होता. भगोनंही थोडं कमी भरलेलं दिसत होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

*

डॉक्टर श्रुतिका स्कूटीवरून आल्या तेव्हा त्यांनीही आधी कानच धरले. मग थर्मामीटर लावला. ताप नव्हता. अंग उलट थंड होतं.

आजाराचं नाव दुग्धज्वर, त्यांनी सांगितलं, पण ज्वर नसतो. रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं. त्याच्याशिवाय पायाचा स्नायू चालत नाही, जिभेचा नाही, पोटाचा नाही. आणि शेवटी हृदयही नाही.

"कमी कुठं पडलं?" शेवंताबाईनं विचारलं. "खाणं भरपूर हाये तिचं."

"कमी नाही पडलं, मावशी. हाडांत कोठार भरलेलं आहे. पण कोठाराचं दार उघडायला तिच्या अंगाला दोनतीन दिवस लागतात. चिकात कॅल्शियम फार असतं. तुम्ही सगळा चीक एकदम काढला. कासेनं परत भरायला रक्तातलं ओढलं. दार उघडायच्या आधीच आतलं संपलं."

शेवंताबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं नाही. ती कजरीच्या कासेकडे पाहत राहिली. कास भरत होती. इतकं होऊनही भरत होती.

समीक्षानं बादलीत कोमट पाणी आणलं. त्यात डॉक्टरांच्या औषधाच्या बाटल्या बुडवून ठेवल्या. थंड औषध शिरेत जाऊ नये म्हणून. थोड्या वेळानं तिनं एक बाटली काढून मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिली. लेकराचं दूध पाहतात तशी.

मानेची शीर फुगली. सुई आत गेली. महागूनं बाटली वर धरली. डॉक्टरांनी एका हातानं नळीवरची चकती धरली, दुसऱ्या हातानं स्टेथोस्कोप कजरीच्या डाव्या कोपराच्या मागे टेकवला.

वेळ लागेल, त्या म्हणाल्या. घाई केली तर हेच औषध हृदय बंद पाडतं.

*

थेंब.

थेंब.

तुळशीच्या कट्ट्यावरची बाटली डॉक्टरांना सुईपाशी बसूनही दिसली. ही कोण पाजत होतं, त्यांनी विचारलं.

मी, समीक्षा म्हणाली. मागच्या महिन्यापासून रोज. बाजारातल्या दुकानदारानं दिली, गाभण जनावराला कॅल्शियम द्या म्हणाला. हाडं मजबूत राहतात म्हणाला.

थेंब.

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. व्यायच्या आधी रोज बाहेरून मिळत गेलं की अंग कोठार उघडायचं विसरतं, त्या म्हणाल्या. व्याल्यावर द्यायचं. आधी नाही.

समीक्षाच्या हातातली दुसरी बाटली बादलीत परत गेली. तिनं ती स्वतःच्या नकळत पार तळाशी दाबून धरली होती.

सासूनं सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत जिंकल्यासारखं काही असायला हवं होतं. असलं तरी शेवंताबाईनं ते बाहेर येऊ दिलं नाही.

"म्हंजे आपण दोघीनं मिळून पाडली तिले," ती म्हणाली.

"हौ, मामी."

"मंग दोघी मिळूनच उठवू."

थेंब.

थेंब.

थें

डॉक्टरांनी चकती फिरवून नळी बंद केली होती. स्टेथोस्कोप तिथेच. डोळे मिटलेले. कजरीच्या काळजाचा ठोका अडखळला होता.

कुणी हललं नाही. महागूनं बाटली खाली आणली नाही. पारडी दाव्याला ओढ देऊन हंबरली. बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, ट्रॉलीत धानाची पोती, वर बसलेली माणसं मोठ्यानं बोलत होती.

"चालू कर ना व माय," शेवंताबाई म्हणाली. "इतकीशी राह्यली बाटलीत."

"नाही."

"मरन ते."

"आता सोडलं तर नक्की मरेल. थांबा, मावशी."

शेवंताबाई थांबली. आयुष्यभर तिच्या बोटांनी एकच काम केलं होतं, शेवटचा थेंब सोडायचा नाही. आता बाटलीत औषध होतं, नळीत औषध होतं, आणि ते तिथंच ठेवून बसायचं होतं. तिनं दोन्ही मुठी मांडीखाली दाबल्या आणि त्यांच्यावर बसली.

समीक्षानं कान धरला होता.

डॉक्टरांनी डोळे उघडले. चकती थोडीशी फिरवली. आधीपेक्षा कमी.

थेंब.

थेंब.

*

खांद्याच्या कातडीवरून एक थरथर गेली, माशी झटकावी तशी. माशी नव्हती.

मग मांडीवरून.

मग कजरीनं ढेकर दिली. लांब, आंबूस, सगळ्या गोठ्याला ऐकू जाईल अशी. महागू म्हणाला, जेवण पटलं दिसते पाहुणीले. या वेळी शेवंताबाईही हसली.

कोरड्या नाकावर घामाचे बारीक मणी आले. मान कुशीतून निघाली, सरळ झाली, सरळच राहिली. जिभेनं नाकपुडी चाटली, आधी एक, मग दुसरी. आणि शेपटी उचलून कजरीनं शेण टाकलं. दारातल्या बाया एकमेकींना सांगायला लागल्या, टाकलं, टाकलं. मागे उभ्या असलेल्यांना दिसलं नव्हतं, त्या पाहायला पुढे आल्या.

पहिल्यांदा उठायला गेली तेव्हा मागचे पाय सिमेंटवर सरकले आणि ती बसली. समीक्षानं अंगणातून घमेलंभर माती आणली, आणखी आणली, शेवंताबाईनं ती हातांनी पसरली, वर तणस. पुढचा प्रयत्न कजरीनं लगेच केला नाही. तिनं पारडीकडे पाहिलं. मग मागचं अंग वर आलं, गुडघ्यांवर थोडा वेळ तशीच राहिली, जणू विचार करत होती, आणि उभी झाली. पाय थरथरत होते. उभी होती.

दुसऱ्या बाटलीतलं औषध डॉक्टरांनी कातडीखाली दिलं, हळूहळू लागत राहावं म्हणून. निघताना सांगितलं, उद्यापर्यंत परत बसू शकते, बसली तर लगेच फोन. दोनतीन दिवस कास रिकामी करायची नाही. ताण कमी होण्यापुरतं थोडं काढा, बाकी पारडीला. कास दगड होणार नाही, मावशी. रोज हात लावून पाहा, गरम किंवा दुखरी वाटली तर कळवा.

शेवंताबाईनं मान हलवली. ती हो म्हणायची होती की नाही, ते डॉक्टरांना कळलं नसावं. त्यांनी समीक्षाकडे पाहिलं.

*

संध्याकाळी डोमाजीची सून रचना आली, पदराखाली गंज घेऊन. घरी थांबून वाट पाहिली होती. म्हैस बसली हे तिनं ऐकलं होतं, उठली हेही ऐकलं होतं. म्हैस उठली म्हणजे चीक मिळणार, असा तिचा सरळ हिशेब होता.

शेवंताबाई कजरीखाली बसलेली होती. गुडघ्यांत पातेलं. समीक्षा पारडीचं दावं धरून उभी. 

पहिली धार पातेल्यावर वाजली. दुसरी. पिवळा, दाट चीक. कास टम्म होती, सड बोटांत आपणहून येत होते. शेवंताबाईच्या हातांना लय सापडली, जुनी, न मोजता चालणारी. रचनानं गंज पुढे केला.

मग आवाज थांबला.

कासेत भरपूर होतं. बोटं सडांभोवतीच होती, आवळलेली, दोन्ही हातांची. शेवंताबाईनं ती एकेक करून सोडली, जशी दुसऱ्या कुणाच्या हातातली सोडवतात. पातेलं उचललं. त्यात तळ झाकेल इतकाच चीक होता. तिनं तो पारडीच्या तोंडापाशी नेला, बोट बुडवून चाटायला दिला आणि मग समीक्षाच्या हातातलं दावं आपल्या हातानं सोडलं.

"जाय. तुयाच हाये."

पारडी धडका देत कासेला लागली.

शेवंताबाई रचनाचा गंज घेऊन घरात गेली. बाहेर आली तेव्हा त्यात नव्या धानाचे तांदूळ होते, मुठीहून जास्त.

"डोमाजीले सांग, चीक या वेळी म्हशीतच ठेवला. पुढच्या वेताले पयला त्याच्याच घरी." तिनं गंज रचनाच्या हातात दिला. "सगळा नाही. जेवढा येईन तेवढा."

रचना गंजाकडे पाहत उभी राहिली. चीक न देता भांडं भरून परत येतं, असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. गंज पदराखाली घेऊन ती गेली.

समीक्षाचा फोन वाजला. हेमराज. सकाळी फाटकात अडकलो होतो, मग भाडं लागलं, मग विसरलो, असं तो हिंदीत सांगायला लागला. काय झालं होतं, म्हणाला.

"उभी हाये," समीक्षा म्हणाली. "खोलीवाल्याले सांगून टाका."

*

काल पहाटे, पहिली धार काढायच्या आधी, कजरीचे कान गरम होते.